नवी गाडी, ऑन-रोड कोटेशन आणि वरचे आकार: नाशिककरांनो, आपापले कागद बाहेर काढा

गोदाकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

पाडव्याला गाडी घरी आणायची म्हणून तीन आठवडे मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत शोरूम पालथे घालतोय. वडील मार्चअखेर निवृत्त होतायत. एकतीस वर्षं नोकरी केली, जुनी गाडी चौदा वर्षं जपून चालवली, आता नवी घेताना त्यांना एकही चुकीचा रुपया द्यावा लागू नये, एवढाच माझा हट्ट आहे.

काल मिळालेलं कोटेशन जसंच्या तसं देतो. पेट्रोल, ११९७ सीसी, चार मीटरच्या आतली गाडी. एक्स-शोरूम म्हणजे गाडीची मूळ किंमत, ऑन-रोड म्हणजे सगळं धरून द्यायची रक्कम.

एक्स-शोरूम ७,८४,०००
आरटीओ ९८,५००
विमा ४६,८००
हँडलिंग व लॉजिस्टिक ७,५००
अत्यावश्यक किट १८,९००
टेफ्लॉन + अंडरबॉडी ९,५००
एक्स्टेंडेड वॉरंटी १४,२००
फास्टॅग १,०००
पाडवा विशेष सूट − १०,०००
ऑन-रोड ९,७०,४००

कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा सेल्सवाल्या मुलाच्या पेनाचं टोक थेट शेवटच्या आकड्यावर होतं. मधल्या ओळींवर तो थांबलाच नाही. मी विचारलं, आरटीओचे ९८,५०० कसे आले? म्हणाला, "सर, ते फिक्स असतं, गव्हर्नमेंटचं आहे."

घरी येऊन हिशोब मांडला. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. ७,८४,००० वर ८६,२४० होतात. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००. रस्ता सुरक्षा उपकर आणि पोस्टाचा खर्च धरला तरी नव्वद हजारांच्या थोडंसंच वर जातंय. मग उरलेले आठ हजार कुठल्या गव्हर्नमेंटचे?

बाकीच्या ओळींबद्दल तुमचे अनुभव हवेत. कोणी काय काढून घेतलं, कसं काढून घेतलं, ते आकड्यांसकट लिहा.

---

पाथर्डीफाटा · रविवार, रात्री १०:०५

हँडलिंग आधी काढायला सांगा. मागच्या दसऱ्याला माझ्याकडून ६,००० मागितले होते. मी एवढंच म्हटलं, "यावर हँडलिंग असं लिहून, जीएसटी लावून, सहीशिक्क्याचं बिल द्या, लगेच देतो." मॅनेजर आत गेला, पाच मिनिटांनी ती ओळ गेली. बाकी काहीच बोलावं लागलं नाही.

---

शुभ_बोल · रविवार, रात्री १०:३१

दादा, राग मानू नका, पण आठ लाखांच्या गाडीत सात हजारांसाठी पाडव्याच्या तोंडावर वाद घालायचा का? आम्ही गाडी घेतली, नवश्या गणपतीला नेली, नारळ फोडला, पेढे वाटले. शोरूमवाल्यांनी फोटो काढला, हार घातला. त्यांचंही पोट आहे. आयुष्यात दोन-तीनदा येणारा दिवस आनंदात जावा असं मला मनापासून वाटतं.

---

गोदाकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:५८

@शुभ_बोल, तुमची भावना समजते, राग अजिबात नाही. पण आकडा सात हजारांचा नाही. आरटीओतले आठ, हँडलिंगचे साडेसात, न मागितलेलं किट, न मागितलेलं कोटिंग, विम्यातला फरक, सगळं धरलं तर पन्नास हजारांच्या पुढे जातं. वडिलांचा जवळजवळ महिन्याचा पगार आहे तो. आणि सणाच्या दिवशी माणूस तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं म्हणूनच या ओळी घातलेल्या असतात. त्याचाच मला त्रास होतो.

---

विम्याचं_बोला · सोमवार, सकाळी ७:५०

आधीच सांगतो, मी विमा एजंट आहे, कॉलेज रोडला ऑफिस आहे. त्यामुळे माझं म्हणणं पडताळून घ्या. इथे कोणाकडून धंदा मागणार नाही.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं कोणताही नियम सांगत नाही. विमा नियामकाने २०१७ साली डीलरमार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ठरावीक कंपनीचा किंवा आमच्याकडचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. "बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होणार नाही" हे ऐकवतील. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. त्या वर्कशॉपचं नाव कंपनीच्या यादीत आहे का, एवढं बघून घ्या.

आता आकडे. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) एकदम घ्यावा लागतो. हा भाग सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत सारखाच. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या कारला तीन वर्षांचे १०,६४० अधिक जीएसटी. यात घासाघीस नाही. घासाघीस आहे ती ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि वरच्या अ‍ॅड-ऑनमध्ये (जादा संरक्षण). तिथे कंपनीगणिक मोठा फरक पडतो.

तुलना करताना दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एकच धरा. नव्या गाडीला तो एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो, म्हणजे तुमच्या गाडीला ७,४४,८००. कमी आयडीव्ही टाकून हप्ता स्वस्त दाखवणारेही असतात, त्याला भुलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वडिलांच्या जुन्या गाडीचा फुल विमा होता का? क्लेम नव्हते? मग त्यांचा नो क्लेम बोनस (एनसीबी) त्यांच्याच नावाच्या नव्या गाडीला लागतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के. जुनी गाडी विकल्याचे कागद दाखवून विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. शोरूमच्या कोटेशनमध्ये हे कोणी आपण होऊन धरत नाही. गाडी वडिलांच्याच नावावर हवी, तुमच्या नावावर घेतली तर गेला तो बोनस.

अपघात विमा, म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा. तो आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, लिहून द्या.

---

गोदाकाठ (धागाकर्ता) · सोमवार, सकाळी ८:२०

एनसीबीचं माझ्या डोक्यातच नव्हतं! वडिलांनी गेली कित्येक वर्षं क्लेम केलेला नाही. आजच पत्रासाठी अर्ज करतो. गाडी माझ्या नावावर घ्यायचं चाललं होतं, तेही बदललं. मनापासून आभार.

---

माजी_सेल्सवाला · सोमवार, दुपारी १:१५

चार वर्षं द्वारकेजवळच्या एका शोरूममध्ये होतो, आता सोडलं. कोणतं ते लिहीत नाही. आतली बाजू सांगतो, कारण समोर बसलेल्या पोरावर चिडून काही होत नाही.

गाडीच्या किमतीत डीलरला फार मोठं मार्जिन राहत नाही. कमाई असते विमा, अ‍ॅक्सेसरीज, फायनान्स आणि पुढे वर्कशॉप यांत. माझा पगार अठरा हजार होता. गाडीमागे इन्सेंटिव्ह मिळायचा, पण विमा बाहेर गेला की तो कापायचे. किटची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की तोही कापायचे. सकाळच्या मिटिंगला टीएल (टीम लीडर) पांढऱ्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने मांडायचा: गाड्या, विमा, अ‍ॅक्सेसरीज. गाड्यांचा रकाना भरलेला आणि शेवटचे दोन रिकामे असले की सगळ्यांसमोर बोलणी बसायची. माझा एक सोबती, नवीन लग्न झालेलं, त्या फळ्यापुढे मान खाली घालून उभा असायचा. आठ गाड्या विकलेला पोरगा होता तो.

म्हणून सांगतो, एक्झिक्युटिव्हशी वाद घालू नका. त्याच्या हातात काही नसतं. "तुझं काम चोख आहे, पण ह्या दोन ओळींसाठी मला मॅनेजरशी बोलायचंय" असं म्हणा. मॅनेजरच्या हातात असतं.

आता कोणती ओळ किती हलते ते:

हँडलिंग पूर्ण जातं. ठाम राहिलात तर जातंच.

"आरटीओ" मध्ये नंबर आणणं, एजंट, पोस्ट असं काहीबाही मिसळलेलं असतं. सरकारच्या वाहन पोर्टलवर कर भरल्याची पावती निघते. "पावतीवर जेवढे तेवढेच देईन, फरक असेल तर परत" असं बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या.

किट हे पॅकेज असतं, पण आत सुटे भाग आहेत. मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, नंबर प्लेटची फ्रेम, परफ्युम, डोअर एज गार्ड. यादी मागा. हवं तेवढं टिक करा. किट "अत्यावश्यक" नसतं, त्या शब्दाला काही अर्थ नाही. आम्हीच तो शब्द वापरायचो, आज वाईट वाटतं.

अंडरबॉडी कोटिंग: आजकालच्या गाड्यांना कंपनीतूनच गंजरोधक थर आणि वॉरंटी असते. कोकणात समुद्राकाठी गाडी राहणार असेल तर विचार करा. आपल्याकडे गंगापूर रोडला पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला पहिल्या दिवशी त्याची घाई नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नसते, पण ती त्याच दिवशी घेतली पाहिजे असंही नाही. मूळ वॉरंटी चालू असताना नंतरही घेता येते, किंमत थोडी वाढते. नीट वाचून घ्या.

आणि वेळ. पाडव्याच्या आधीच्या दोन दिवसांत गेलात तर कोणी ऐकणार नाही, रांग लागलेली असते. महिनाअखेरीला जा, मार्चअखेर तर सोनं. भाव आत्ता पक्का करून लेखी घ्या, डिलिव्हरी पाडव्याला घ्या.

---

सातपूरकर_ताई · सोमवार, दुपारी ३:४४

माझा अनुभव दुचाकीचा आहे, चालेल ना?

मुलगा अंबडला कंपनीत लागला. सेकंड शिफ्ट, रात्री साडेअकराला सुटतो, रिक्षा मिळत नाही. म्हणून १२५ सीसीची मोटारसायकल घ्यायला गेले. पैसे माझे, भिशीचे आणि शिवणकामाचे. काउंटरवरच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, घरातलं जेंट्स कोणी आलंय का?" मी म्हटलं, पैसे मोजणारी आलेय, तुम्ही बोला.

कोटेशनमध्ये "हँडग्रिप, फूटरेस्ट, साडी गार्ड सेट २,१५०", "हेल्मेट १,३००" आणि "हँडलिंग १,८००" होतं. सेट नको म्हटलं तर म्हणाले, त्याशिवाय पासिंग होत नाही. मी दिले पैसे. शिफ्ट चालू झाली होती पोराची, थांबायला वेळ नव्हता.

गाडी घरी आणल्यावर शेजारच्या मुलीने शोधून दाखवलं की ह्या वस्तू गाडीसोबतच यायला पाहिजेत. हे खरं आहे का? मला अजून पावती नीट वाचता येत नाही, सगळं एकाच ओळीत "अ‍ॅक्सेसरीज ३,४५०" लिहिलंय. हँडलिंगचं तर नावच नाही.

---

वकील_पंचवटी · सोमवार, संध्याकाळी ६:३०

ताई, अगदी खरं आहे, आणि तुमच्या बाजूने नियम स्पष्ट आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२३ असं सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायची कायमस्वरूपी पकड, पाय ठेवायची सोय आणि मागचं निम्मं चाक झाकणारं, कपडे अडकू नयेत असं संरक्षण, यांच्याशिवाय मोटारसायकल बनवायचीच नाही. पासिंग होत नाही हे तो माणूस बरोबर बोलला. पण त्याच कारणाने ते गाडीचाच भाग आहे, वेगळी विकायची वस्तू नाही. हेल्मेटबद्दल नियम १३८ मध्ये लिहिलंय की दुचाकी विकताना निर्मात्याने मानक हेल्मेट द्यायचं.

धागाकर्त्यांच्या हँडलिंगबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. नवी गाडी त्याच राज्यात नोंदवायची असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा. नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. अर्जच केला नाही तर कलम १९२ब खाली डीलरला दंड. म्हणजे नोंदणी करून देणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, आपल्यावर केलेले उपकार नाहीत. पूर्ण बांधणीची गाडी आता पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला न्यावीही लागत नाही, कागद ऑनलाइन जातात. कारखान्यातून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीत आलेली असते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना निर्मात्यानेच गाडीसोबत द्यायची आहे. तिचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा.

"किट घेतलं तरच गाडी" या अटीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नाव आहे. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, ही निर्बंधात्मक व्यापार प्रथा, कलम २ चं ४१ वं उपकलम.

ताई, तुम्ही असं करा:

आधी शोरूमला साध्या कागदावर लेखी अर्ज द्या: कोणत्या वस्तूचे किती घेतले, नियम १२३ आणि १३८, पैसे परत करा. पोच घ्या. प्रत कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल करा, मुलगा करेल.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीच नाही. आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. वकील लागतोच असं नाही, मी वकील असून सांगतोय. पावती मला इथेच निरोपात पाठवा, कशी वाचायची ते बघून सांगतो. पैसे नकोत.

---

व्यवस्थापक · सोमवार, संध्याकाळी ७:०२

तीन प्रतिसादांतून शोरूमची नावं काढली आहेत. आकडे, ओळी, अनुभव बिनधास्त लिहा, नाव मात्र नको.

---

निफाडकर · सोमवार, रात्री ९:१२

आपल्याकडं वेगळंच चाललंय. पिकअप पाहिजे होती, द्राक्षाचा सीझन तोंडावर. शोरूमवाला म्हणतो चार महिने वेटिंग. बाहेर चहाच्या टपरीवर त्याचाच माणूस आला, म्हणे चाळीस हजार ऑन, म्हणजे किमतीच्या वर, द्या, पंधरा दिवसांत गाडी. रोख, पावती नाही. माल तोडायला आला की गाडी लागते, भाड्याच्या गाडीला एका फेरीचे किती जातात ते शेतकऱ्यालाच माहीत. मी अजून दिले नाहीत. पण भावकीतल्या दोघांनी दिलेत आणि त्यांच्या गाड्या दारात उभ्या आहेत. काय करावं सांगा.

---

सीए_गंगापूररोड · सोमवार, रात्री १०:१०

भाऊ, देऊ नका. त्या चाळीस हजारांचा कुठेच पुरावा राहत नाही. गाडी पंधरा दिवसांत आली नाही तर मागायचे कुणाकडे? शिवाय ते तुमच्या गाडीच्या किमतीत धरले जात नाहीत, घसाऱ्यातही नाही, विम्यातही नाही. गाडी चोरीला गेली तरी ते गेलेच.

बुकिंगची रक्कम खात्यातून द्या आणि बुकिंग क्रमांक, तारीख, अपेक्षित डिलिव्हरी लेखी घ्या. तोच क्रमांक कंपनीच्या ग्राहक कक्षाला कळवून रांगेत कितवे आहात ते विचारा. माझ्या एका अशिलाचं चार महिन्यांचं वेटिंग या एका ईमेलनंतर पाच आठवड्यांवर आलं. नगर, धुळ्याच्या डीलरकडूनही कोटेशन मागवा. गाडी तिथून घेतली तरी तुमच्या पत्त्यावर नोंदते.

दुसरं, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड. बागेचे पैसे रोखीत आले असले तरी आधी बँकेत भरा.

आणि दहा लाखांवरची गाडी घेणाऱ्यांसाठी: १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून घेऊन भरायचा आयकर) लागतो. तो लुबाडणूक नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वजा होतो किंवा परत मिळतो. पॅन बरोबर टाकलाय का तेवढं बघा. दरवर्षी पाच-सहा जण असे भेटतात की ज्यांनी ही रक्कम सोडूनच दिलेली असते.

---

बागलाणचा · मंगळवार, सकाळी ६:४५

कर्जावर घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. बँक डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, शोरूमला द्यायचं कर्जाचं पत्र) देते तो प्रोफॉर्माच्या, म्हणजे शोरूमने लिहून दिलेल्या किमतीच्या कागदाच्या, आकड्यावर. त्यात किट, कोटिंग, वॉरंटी सगळं घुसलेलं असतं. १८,९०० चं किट ९ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात गेलं की हप्त्यात तीनशे रुपये वाढतात. कोणाला जाणवत नाही. शेवटी बेरीज केली तर साडेपंचवीस हजार. मी सटाण्याच्या बँकेत प्रोफॉर्मा बदलून नेला, मॅनेजर म्हणाले असं करणारे तुम्ही पहिलेच. किट नंतर रोखीने बाहेरून घेतलं. मॅट चांगल्या कंपनीच्या मिळाल्या.

---

शुभ_बोल · मंगळवार, सकाळी ९:३०

रात्री माझी जुनी फाइल काढून बसलो. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कराची पावती काढली. मी "आरटीओ" म्हणून दिलेले पैसे आणि पावतीवरचे यात ११,२०० चा फरक आहे. दीड वर्ष झालं. माझं वरचं म्हणणं मागे घेतो. @वकील_पंचवटी, अजून दोन वर्षं झालेली नाहीत, अर्ज करू ना?

---

वकील_पंचवटी · मंगळवार, सकाळी ९:५५

जरूर करा. कोटेशन, पैसे भरल्याची पावती आणि पोर्टलवरची पावती, तिन्ही जोडा. आधी शोरूमला लेखी. तुमच्यासारखा कागदोपत्री फरक दाखवता आला की बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

---

पाथर्डीफाटा · मंगळवार, दुपारी १२:२०

फास्टॅगचंही लिहा कोणीतरी. १,००० घेतात. टॅगची फी १०० आहे, कारची अनामत २००, बाकीचा बॅलन्स तुमच्याच खात्यात दिसायला हवा. माझ्या खात्यात १५० होते. उरलेले विचारले तेव्हा दुसऱ्या दिवशी टाकले.

आणि एक मनात आलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, आनंद झाला. तेव्हापासून मी पाहतोय, आमच्या सोसायटीत घेतलेल्या तीन गाड्यांच्या कोटेशनमध्ये किट मोठं झालंय. सरकारने सोडलेला पैसा ग्राहकाच्या घरात राहिला पाहिजे, म्हणून ह्या ओळी वाचायला हव्यात.

---

गोदाकाठ (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ८:१५

अपडेट देतो. सगळ्यांमुळे झालं.

गुरुवारी पुन्हा गेलो, वडिलांना घेऊन. माजी_सेल्सवाला यांनी सांगितल्याप्रमाणे त्या मुलाशी नीट बोललो, मॅनेजरची वेळ मागितली. वडिलांनी कोटेशन टेबलावर ठेवलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत गेले, "हे पैसे कुणाच्या खात्यात जाणार?" कर, शासनाच्या. विमा, विमा कंपनीच्या. हँडलिंगवर बोट आलं तेव्हा मॅनेजर जरा वेळ कागदाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "काका, ते काढतो."

आरटीओ पावतीप्रमाणे, तसं फॉर्मवर लिहून सही घेतली. काल ९०,३०० ची पावती निघाली. कोटिंग काढलं. किटमधून मॅट आणि मडफ्लॅप घेतले, ३,२००. फास्टॅग ५००. विमा बाहेरून, तोच आयडीव्ही, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन कव्हरसकट, एनसीबी लावून २७,९००. बाहेरचा विमा म्हटल्यावर सूट दहाची पाच हजार केली. त्यावर मी फार ताणलं नाही.

एकूण ९,००,९००.

पहिल्या कोटेशनपेक्षा ६९,५०० कमी. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात १४,२०० वॉरंटीचे आहेत, ती मी घेतलेलीच नाही. पुढच्या वर्षी बघू. म्हणजे खरा फरक पंचावन्न हजारांच्या आसपास.

त्या मुलाचा इन्सेंटिव्ह विम्यामुळे कापला गेला असेल याची रुखरुख आहे. कंपनीचा फीडबॅकचा फोन आला तेव्हा त्याचं नाव घेऊन चांगलं सांगितलं.

---

माजी_सेल्सवाला · शनिवार, रात्री ८:४०

हे वाचून फार बरं वाटलं. फीडबॅकचे गुण त्याला उपयोगी पडतात, खरंच पडतात. डिलिव्हरीच्या दिवशी दिवसाउजेडी गाडी बघा, रंग चारी बाजूंनी तपासा, चेसिस नंबर इनव्हॉइसशी आणि विम्याशी ताडून बघा, मगच डिलिव्हरी नोटवर सही. निर्मितीचा महिना आधीच विचारा, मागच्या वर्षीची गाडी याच भावात नको.

---

निफाडकर · रविवार, सकाळी ७:०५

बुकिंग खात्यातून केलं, कंपनीला ईमेल भाच्याने टाकला. उत्तर आलं, रांगेत नंबर आहे म्हणे, तारीख पुढच्या महिन्याची. टपरीवरच्याला नाही म्हणून सांगितलं. तोवर भाड्याची गाडी. बघू.

---

सातपूरकर_ताई · बुधवार, दुपारी २:३०

वकील दादांनी अर्ज लिहून दिला. शोरूमने पोच द्यायलाही का-कू केलं, मग १९१५ ला फोन केला. बाई मराठीत बोलल्या, सगळं शांतपणे लिहून घेतलं. नऊ दिवसांनी आज खात्यात ३,४५० आले. सेटचे आणि हेल्मेटचे. हँडलिंगचे १,८०० द्यायला नाही म्हणतात, कारण त्याची पावतीच नाही. माझ्याकडे मात्र त्यांच्याच हाताने लिहिलेलं कोटेशन आहे, त्यावर हँडलिंग लिहिलंय. शुक्रवारी मशीनचं काम बंद ठेवून आयोगात जाणार आहे. दादा, किती वाजता उघडतं?

---

वकील_पंचवटी · बुधवार, दुपारी २:५२

ताई, साडेदहाला दारात भेटा. मूळ कोटेशन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घडी घालू नका, आणि तीन झेरॉक्स काढून आणा.